उपवास, आरसा आणि जेवणाच्या वेळा

प्रश्न : समुपदेशन मानसशास्त्रात माझं एम.ए. झालं आहे. खाणं आणि शरीराविषयीची नावड, याच विषयात थेरपिस्ट व्हायचं आहे. सध्या बावीस वर्षांची एक मुलगी येते. आठवड्यात तीन-चार उपवास धरते, रात्री हाताला लागेल ते खाते आणि मग उलटी काढते. 'स्वतःवर प्रेम कर' असं सांगून पाहिलं, फरक नाही. तिच्यासाठी काय करू? पुढे काय शिकू?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी तिला डॉक्टरांकडे पाठवा. रक्तातलं पोटॅशियम, ईसीजी, नाडी, रक्तदाब तपासून घ्या. सारख्या उलट्यांनी पोटॅशियम घसरतं, हृदयाचे ठोके बिघडू शकतात, आणि वजन बघून हे कळत नाही. चक्कर येऊन पडली किंवा छातीत धडधडलं, तर त्याच दिवशी हॉस्पिटल. उलटीनंतर लगेच ब्रश करू नये, नुसती चूळ भरावी. आम्लाने मऊ पडलेलं दातांवरचं आवरण घासल्याने झिजतं.

शरीरावर प्रेम वगैरे पुढचं. पहिलं काम खाण्याच्या वेळा. ऑक्सफर्डचे मानसोपचारतज्ज्ञ क्रिस्टोफर फेअरबर्न यांच्या खाण्याच्या विकारांवरच्या उपचारपद्धतीत, वजन फार कमी नसेल तर वीस आठवड्यांत साधारण वीस भेटी असतात. पहिले चार आठवडे आठवड्यातून दोनदा. तीन जेवणं, मध्ये दोन-तीनदा थोडं काही, आणि दोन खाण्यांत चार तासांहून जास्त अंतर नको. आठला पोहे, अकराला केळं, दीडला जेवण, पाचला चहाबरोबर काही, साडेआठला जेवण. खाल्लं की लगेच वहीत नोंद : वेळ, काय, कुठे, उलटी झाली का, मनात काय होतं. कॅलरी लिहायच्या नाहीत. गाडी घसरते ती बहुतेकदा इथे : रात्री अति खाणं झालं की भरपाई म्हणून सकाळचे पोहे टळतात, आणि दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. तेव्हा आठचे पोहे आठलाच.

तिला 1944-45चा अमेरिकेतल्या मिनेसोटातला उपासमारीचा प्रयोग सांगा. 36 निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. ते पाककृती जमवू लागले, पुढे काहींना खाणं आवरेना. तिची इच्छाशक्ती कमी पडत नाहीये, तिला भूक लागली आहे.

श्रद्धेशी वाद घालू नका. 'उपवासाला साबुदाण्याची खिचडी, राजगिऱ्याचा लाडू खातेस का?' एवढं विचारा. तेही टाळत असेल आणि उपवासांचे वार वाढत असतील, तर ते उपाशी राहणंच आहे. आजारपणात उपवास सोडायला घरातली वडीलधारी मंडळी सहसा हरकत घेत नाहीत. तिची तयारी असेल तर त्यांना बोलवा.

वेळा बसल्या की आरसा. दिवसात किती वेळा पोट चिमटीत धरते, जुना ब्लाउज घालून बघते, हे मोजायला लावा आणि एकेक कमी करा. वजन आठवड्यातून एकदाच, तुमच्यासमोर. आणि 'बारीक दिसतेस' ही शाबासकी तुमच्या तोंडून कधीच जाऊ देऊ नका.

शिक्षणाचं : 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' म्हणून काम करायला भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी लागते, समुपदेशनाच्या एम.ए.वर ती मिळत नाही. अभ्यासक्रम बदलताहेत, म्हणून फी भरण्याआधी परिषदेच्या मान्यता यादीत तो आहे ना, ते स्वतः बघा. तोवर समुपदेशक म्हणून काम करा, आजाराचं निदान मानसोपचारतज्ज्ञांवर सोपवा, आहाराचा तक्ता आहारतज्ज्ञांवर. अशी केस अनुभवी थेरपिस्टच्या सुपरव्हिजनशिवाय एकट्याने घेऊ नका.