गोहन की गोधन?

प्रश्न असा आला आहे : "नागपूर जिल्ह्यातल्या आमच्या उमरेडकडच्या गावात दिवाळीच्या पाडव्याला 'गायगोहन', म्हणजे गावच्या जनावरांच्या पूजेचा सण, असतो. यंदा सणाच्या पत्रिकेत मात्र 'गायगोधन' छापलं, आणि गोहन हा अशुद्ध, खेडवळ उच्चार आहे असं आम्हाला सांगण्यात आलं. खरंच तसं आहे का?"

नाही. गोहन अशुद्ध नाही, आणि पत्रिकेत तोच शब्द हवा होता.

आधी उच्चाराचं बघू. दोन स्वरांच्या मधे आलेला संस्कृतातला 'ध' प्राकृतात 'ह' होतो. दधिचं दही झालं, बधिरचा बहिरा झाला, मधूकाचा आपल्या जंगलातला मोह झाला. गोधूमाचा गहू झाला, तोही याच वाटेनं. त्याच नियमानं गोधनाचं प्राकृतात गोहण झालं. म्हणजे गोहन हा कुणाची जीभ वळली नाही म्हणून बिघडलेला शब्द नव्हे. दही-गव्हाइतकाच तो रीतसर घडलेला आहे. किराण्याच्या यादीत कुणी 'गोधूम 5 किलो' लिहीत नाही, मग गोहनालाच शुद्धीची गरज का पडावी?

आता अर्थ, आणि माझ्या मते खरी गंमत इथेच आहे. संस्कृतात गोधन म्हणजे गाईंच्या रूपातली संपत्ती, आणि गाईंचा कळपसुद्धा. छापील मराठीत यातला पहिला अर्थ उरला. आज 'गोधन' म्हटलं की भाषण आठवतं, योजना आठवते. कळपाचा अर्थ मात्र आपल्याकडच्या गोहनानं धरून ठेवला. सकाळी गावभरची जनावरं आखरावर, म्हणजे गावाच्या मोकळ्या जागेत, जमतात आणि गायकी, म्हणजे गावाचा गुराखी, त्यांना चरायला नेतो, ते गोहन. तुमच्या घरच्या दावणीला बांधलेल्या दोन गाई म्हणजे गोहन नव्हे. साऱ्या गावाची मिळून होते ती गोष्ट ही. पाडव्याला पूजा होते तीही या साऱ्या गावाच्या जनावरांची, त्यांना रंगवून, सजवून. भंडारा जिल्ह्यात जांभोऱ्याला तर गुराखी जमिनीवर पालथा झोपतो आणि अख्खा कळप त्याच्या अंगावरून नेतात. तिथे 'गोधन' म्हणजे संपत्ती असा अर्थ लावून बघा, काहीच हाती लागत नाही.

पश्चिम महाराष्ट्रात कळपाला खिल्लार म्हणतात. तिकडे त्या शब्दावरून बैलांची एक जातच ओळखली जाऊ लागली, खिलारी. आपल्याकडच्या पांढऱ्या, चपळ गवळाऊ जनावरांचं नाव वेगळं पडलं, आणि कळपाचा शब्द सणाला चिकटला. दोन प्रदेशांनी एकाच अर्थाच्या शब्दांना किती वेगळ्या वाटांनी नेलं!

हा शब्द टिकला तो कोशांमुळे नाही, गाई राखणाऱ्यांमुळे. आपल्या भागात हे काम पिढ्यान्‌पिढ्या गोवारी समाजानं केलं, आणि गायगोहनाच्या दिवशी 'ढाल' या त्यांच्या देवचिन्हाची पूजा, डफड्याच्या तालावरची गाणी हे सगळं त्यांच्याकडेच आहे. नागपूरकरांना 'गोवारी' हे नाव सीताबर्डीच्या उड्डाणपुलावरून माहीत असतं. 23 नोव्हेंबर 1994 ला विधिमंडळावर निघालेल्या त्यांच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन 114 माणसं गेली, त्यांचं ते स्मरण आहे. त्या समाजाच्या सणाचं नाव त्यांनाच 'चुकीचं' म्हणून सांगणं मला फार खटकतं.

आणि हा शब्द एकटा नाही, त्याच्याभोवती सगळं गोत आहे. गोठ्याला आपण कोठा म्हणतो, कालवडीला कारवड, जनावरांपुढे कुटार (भुसा) आणि ढेप (पेंड) टाकतो. वखर, तिफण, डवरा ही शेतातली तिन्ही अवजारं बैलाच्या खांद्यावर चालतात, म्हणून पोळ्याच्या आदल्या दिवशी तो खांदा हळद-तुपानं शेकायचा आणि बैलाला म्हणायचं, 'आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.' ज्याच्या बळावर वर्षाची ज्वारी, तूर, कापूस घरात येतो, त्याला माणसासारखं आमंत्रण द्यावंसं वाटणं साहजिकच आहे. आता पेरणी ट्रॅक्टरनं होते, बऱ्याच गावांत गायकी मिळत नाही, आखराची जागा बांधकामात गेली. गोहन निघेनासं झालं तर हा शब्द पाडव्याच्या एका दिवसापुरताच उरेल. म्हणून तरी पत्रिकेत तो राहू द्या.

राहता राहिला 'न' की 'ण'. प्राकृत रूपात ण आहे, पण आपण नागपूरकडे पानी, लोनी म्हणतो तसंच गोहनही म्हणतो, आणि धन या मूळ शब्दातही न आहेच. तेव्हा 'गोहण' असं सुधारून लिहायचं कारण नाही. शब्द नपुंसकलिंगी : ते गोहन, गावाचं गोहन. पत्रिकेवर 'गायगोहन' एकत्रच लिहा.