हाताने काढतो, पण लेझरचं काही कळत नाही

प्रश्न: ताई, मी चित्रकलेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजात लेझर कटर आलाय पण मला कॉम्प्युटरवर ड्रॉइंग जमत नाही, सुरुवात कुठून करू?

उत्तर: अरे, हात चालतोय ना तुझा, मग अर्धं काम झालंच आहे. इंकस्केप नावाचं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते घे आणि कागदावरचं स्केच स्कॅन करून त्याच्यावरून पेन टूलने रेषा ओढ, ऑटो ट्रेसच्या, म्हणजे सॉफ्टवेअरकडून आपोआप रेषा काढून घेण्याच्या, नादी सुरुवातीला लागू नकोस कारण त्यात एका रेषेच्या दोन होतात आणि मशीन बिचारं दोन्ही कापत बसतं, कडा जळून काळ्या पडतात.

आता खरी गंमत तुकडे एकमेकांत अडकवायच्या खाचांची. माझा पहिला डबा हातात घेतला आणि सगळे जोड खळाखळा निसटले! एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड) ३ मिमीचा म्हणून खाचा बरोब्बर ३ मिमीच्या काढल्या होत्या, पण लेझर स्वतःच साधारण ०.१ ते ०.२ मिमी माल जाळतो, त्याला कर्फ म्हणतात, शिवाय शीटही कधी २.८ भरते. म्हणून आधी शीटची जाडी कॅलिपरने मोज, मग त्याच शीटच्या तुकड्यावर २.६ पासून ३ पर्यंत वेगवेगळ्या खाचा कापून बघ, जी घट्ट बसेल ती घे. हा तुकडा जपून ठेव हं.

आणि पीव्हीसी किंवा रेक्झिन कधीच, अगदी कधीच कापायचं नाही, क्लोरीनयुक्त विषारी धूर निघतो. मशीन चालू असताना जागचं हलायचं नाही, आग लागू शकते.

पहिला तुकडा कापलास की फोटो पाठव!