आईला एकटं राहू द्यावं का?

प्रश्न : बाबा जाऊन दीड वर्ष झालं. आई ७६ वर्षांची, सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते, लिफ्ट नाही. मी बंगळुरूला. मागच्या महिन्यात ती बाथरूममध्ये घसरली, फ्रॅक्चर नाही पण आम्हाला कळलं चार दिवसांनी, तेही शेजारच्या काकूंकडून. इकडे चल म्हटलं की रडते. काय करू?

उत्तर : मला तिच्या पडण्यापेक्षा चार दिवस लपवण्याची जास्त काळजी वाटते. सांगितलं की बॅग भरायला लावतील ही भीती असते हो. आधी तिला शब्द द्या, तुला विचारल्याशिवाय काही ठरवणार नाही.

मग आठ दिवस तिच्याकडे जाऊन राहा आणि नुसतं बघा. फोन, बाजारहाट, स्वयंपाक, साफसफाई, कपडे, येणंजाणं, औषधं, पैसे, ही आठ कामं ज्येष्ठांच्या तपासणीत १९६९ पासून बघतात. माझ्या मते सगळी सारख्या वजनाची नाहीत, डबा लावता येतो, कामाला बाई मिळते, पण बीपीच्या गोळ्या कधी आणल्या आणि किती उरल्या ते मोजाच, आणि करपलेली भांडी दिसतात का तेही बघा. तिथे गडबड दिसली तरी लगेच घर हलवू नका, आधी डॉक्टर, कारण बी१२ची कमतरता, थायरॉइड, डिप्रेशन यानेही विसरायला होतं आणि त्यावर उपचार आहेत. खुर्चीतून उठून तीन मीटर चालून, वळून परत येऊन बसायला १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात, तेही करून बघा.

जिना मात्र मला खरंच खुपतोय. आठवड्यातून किती वेळा खाली उतरते ते विचारा. देवळात, भजनाला, मैत्रिणींकडे जाणं जिन्यामुळे बंद झालं असेल तर ते घर तिला कोंडून ठेवतंय. पण म्हणून बंगळुरू कशाला, जिथे तिच्याशी मराठीत बोलायला दिवसभर कोणी नाही? त्याच पेठेत लिफ्टचा किंवा तळमजल्याचा फ्लॅट भाड्याने बघा, तिची माणसं तिथेच राहतील.

तोवर बाथरूममध्ये धरायला दांडा बसवा, आतून कडी लावू नको म्हणून सांगा, पोलीस चौकीत एकट्या ज्येष्ठ म्हणून नाव नोंदवा, १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आणि ११२ मोठ्या अक्षरात फोनजवळ लिहून ठेवा. एक किल्ली काकूंकडे. रोज सकाळी आठला फोन करा, साडेआठपर्यंत उचलला नाही तर काकू दार उघडून बघतील, हे आईच्या समोरच ठरवा.