शेजारच्या खड्ड्याची तारीख

शेजारच्या प्लॉटवर तळघरासाठी खोदलं आणि आमच्या इमारतीला भेगा पडल्या, अशी पत्रं आता नेहमी येतात. हे पुण्यातल्या एका सोसायटीच्या सचिवांचं. इमारत 1996 ची. कुंपणाला लागून दोन मजली तळघराची खोदाई, मग जिन्याच्या भिंतीला तिरकी भेग, पार्किंगची जमीन खचलेली. खोदाईला एकवीस महिने झाले. बिल्डर म्हणतो, परवानगी आहे.

सचिव महोदय, परवानगीने शेजाऱ्याचा हक्क बुडत नाही, ते सोडा. भेगांचे अकरा फोटो पाठवलेत, पण तुमच्या बाजूची माती कोणत्या तारखेला काढली याचा एकही कागद नाही. सगळं त्या तारखेवर अडलंय.

ईझमेंट कायद्याच्या (1882; दुसऱ्याच्या जमिनीवरच्या हक्कांचा कायदा) कलम 7 प्रमाणे शेजारच्या मातीचा आधार आपोआप मिळतो तो नैसर्गिक स्थितीतल्या जमिनीला. इमारतीचं ओझं असलेल्या जमिनीला तो हक्क कलम 15 खाली, वीस वर्षं निर्वेध आधार घेतल्यावर मिळतो. तुमची वीस वर्षं 2016 मध्येच भरली, म्हणून तुम्ही निर्धास्त. पण त्याच कलमात पुढे लिहिलंय: ही वीस वर्षं दावा दाखल होण्याआधीच्या दोन वर्षांच्या आत संपलेली हवीत. म्हणजे 2016 ला वीस भरून भागत नाही, आधार त्या दोन वर्षांपर्यंत चालू असायला हवा. आधार खोदाईच्या दिवशी तुटला असं धरलं, तर तुमच्या हातात जेमतेम तीन महिने आहेत. निषेधाची पत्रं उपयोगी आहेत. अडथळा कळूनही वर्षभर निमूट सोसला, असं बिल्डरला म्हणता येणार नाही. पण पत्रांनी मुदत थांबत नाही. 'प्लास्टर करून देतो' या त्याच्या आश्वासनावर तुम्ही दीड वर्ष घालवलंत, हे मला खरंच समजत नाही.

तुम्हाला कुणीतरी तीन वर्षांची मुदत सांगितली आहे. ती भरपाईची. कलम 34 प्रमाणे भरपाई मागता येते ती ठोस नुकसान झाल्यावरच, आणि तिची मुदत साधारण तिथून धरतात. पण हक्कच सिद्ध झाला नाही, तर ती तीन वर्षं काय कामाची? निष्काळजीपणाचा वेगळा दावा करता येईल: शोअर पाइल (माती ढासळू नये म्हणून खड्ड्याच्या कडेला रोवायचे खांब) न टाकता उभा काप घेतला, पाणी बेसुमार उपसलं. तो कितपत टिकेल हे मातीचा अहवाल आणि तज्ज्ञाची साक्ष यांवर ठरेल. आज सांगता येणार नाही.

या आठवड्यात वकील गाठा. दाव्यासोबतच दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 26, नियम 9 खाली कोर्ट कमिशनरसाठी (कोर्टाच्या वतीने जागेची पाहणी करणाऱ्यासाठी) अर्ज द्या आणि तातडीची सुनावणी मागा. आपल्या कोर्टांत साध्या अर्जालाही तारखांवर तारखा पडतात. तोवर भेगांवर तारीख घालून काचेच्या पट्ट्या चिकटवा (भेग वाढली की काच तडकते), स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून नोंद ठेवा. तुमच्या बाजूची रिटेनिंग वॉल (माती अडवणारी भिंत) अजून उभी राहिलेली नाही, असं तुम्हीच लिहिता. ती झाली आणि मागे भराव पडला, की तिथे शोअर पाइल होते की नव्हते हे कमिशनरलाही दिसणार नाही.