29 फेब्रुवारी 2017 ची पावती

अगं,

"ताई, सात वर्षं बँकेच्या काउंटरवर गेली, कोडिंगचा गंध नाही, सॉफ्टवेअर टेस्टिंगला मला कोण उभं करणार?" हा तुझा मेसेज वाचला आणि माझा जुना काउंटर आठवला.

मीही सहकारी बँकेतलीच. 29 फेब्रुवारी 2016, सोमवार. एक आजोबा वर्षाची मुदत ठेव करायला आले. पावती छापली, शिक्का मारला, दिली. आजोबांनी चष्मा पुसून ती वाचली आणि विचारलं, "पोरी, हा दिवस उगवणार कधी?" मुदत संपायची तारीख छापली होती 29/02/2017. मी खजील. पण घरी जाण्याआधी एका कागदावर लिहून काढलं: कुठला स्क्रीन उघडला, काय भरलं, काय यायला हवं होतं, काय आलं. सॉफ्टवेअरवाल्यांचा माणूस तो कागद घडी घालून खिशात टाकून घेऊन गेला. याला बग रिपोर्ट म्हणतात, हे मला फार नंतर कळलं.

आयएफएससी कोड अकरा अक्षरी, पाचव्या जागी कायम शून्य, आणि लोक तिथे हटकून इंग्रजी 'ओ' लिहितात, हे तुला झोपेतही सांगता येईल. माझ्या वेळी दिवसात 50,000 च्या वर रोख भरली की पॅन लागायचा. मग बरोबर 50,000 आले तर? एक रुपया जास्त आला तर? याला क्लासमध्ये बाउंड्री व्हॅल्यू म्हणून शिकवतात. पण सकाळी 30,000 आणि दुपारी 25,000 भरले तर, हा प्रश्न काउंटरवर बसलेल्यालाच सुचतो. म्हणून रेझ्युमेत बँकेची वर्षं लपवू नकोस, वर आण. बँकिंग सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्यांकडे आधी अर्ज कर.

शिकताना एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, आधी घे. स्क्रीनवर शिल्लक बरोबर दिसते, पण डेटाबेसच्या टेबलात खरं काय पडलंय ते तुझं तुला बघता आलं पाहिजे. मग बग नोंदवायचं जिरा, आणि दोन सॉफ्टवेअरमधली देवाणघेवाण (एपीआय) तपासायचं पोस्टमन. ब्राउझरमधली टेस्ट आपोआप चालवणाऱ्या सेलेनियमच्या मागे पहिल्याच महिन्यात धावू नकोस, पण टाळूही नकोस. नुसत्या मॅन्युअलवर, म्हणजे हाताने केलेल्या टेस्टिंगवर, हल्ली दारं फारशी उघडत नाहीत. आयएसटीक्यूबी या टेस्टिंगच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची फाउंडेशन परीक्षा दे हवी तर. 40 प्रश्न, 26 बरोबर आले की पास. त्याने शब्द कळतात, नोकरी मिळतेच असं नाही.

एक मात्र निक्षून सांगते. "दोन वर्षांचा अनुभव दाखवून देतो" म्हणणारे भेटतीलच, पुण्यात तर हमखास. पैसे घेऊन खोटं पत्र देतात. पीएफचा यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा खाते क्रमांक, तपासला की सगळं उघडं पडतं, आणि तेही रुजू झाल्यावर. माझ्या शेजारच्या टेबलावरचा मुलगा दुपारी डबा अर्धा टाकून गेला, तो परत आला नाही.

आणि लगेच राजीनामा देऊ नकोस. तुमच्या बँकेत नवी प्रणाली येणार असेल तर यूएटीला, म्हणजे वापरणाऱ्यांनीच करायच्या शेवटच्या तपासणीला, शाखेतली माणसं लागतात. बाकीचे नाकं मुरडतील, तू स्वतःहून नाव दे.

येत्या रविवारपर्यंत मुदत ठेवीच्या फॉर्मवर वीस टेस्ट केस, म्हणजे काय भरायचं आणि काय यायला हवं, लिहून पाठव. वहीत लिहून फोटो काढलास तरी चालेल. 29 फेब्रुवारीची माझी आहे, ती धरायची नाही.

तुझी,
ताई