मान-व्हिटनी चाचणी वापरायची असेल, तर उपचारापूर्वीच्या वेदनेचा हिशेब कसा धरावा?

आपला प्रश्न असा आहे: गुडघेदुखीच्या रुग्णांचे रँडमायझेशनने (चिठ्ठ्या टाकाव्यात तसे यादृच्छिकपणे) प्रत्येकी 40 जणांचे दोन गट पाडले, सहा आठवड्यांनंतरच्या 0 ते 10 या वेदना-गुणांचे वितरण एका बाजूला कललेले निघाले, सुरुवातीच्या वेदनेची तुलना करताना पी-मूल्य (खरा फरक नसतानाही एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) 0.04 आले, आता मार्गदर्शक अँकोव्हा (सुरुवातीच्या गुणांचा हिशेब धरून गटांच्या सरासरींची तुलना) सुचवतात आणि सहाध्यायी मान-व्हिटनी (गुणांऐवजी त्यांच्या क्रमांकांवरून दोन गटांची तुलना). पुण्यात क्लिनिकल ट्रायलच्या सांख्यिकीचेच काम करीत असल्यामुळे हा पेच माझ्यासमोर वारंवार येतो.

ते 0.04 आधी बाजूला ठेवावे. रँडमायझेशन नीट झाले असेल, तर सुरुवातीचा फरक योगायोगाचाच असतो, आणि जे योगायोगाने झाले हे ठाऊकच आहे त्याची चाचणी घेण्यात अर्थ नाही. समायोजन, म्हणजे सुरुवातीच्या वेदनेचा हिशेब धरून तुलना, करायचे ते सुरुवातीची वेदना अखेरच्या वेदनेशी निगडित असते म्हणून. दोहोंतील सहसंबंध 0.6 असेल, तर गटांतील फरकाच्या अंदाजाचे प्रसरण (त्यातील अनिश्चिततेचे माप) सुमारे 36 टक्क्यांनी घटते. म्हणजे 40 रुग्णांच्या गटातून साधारण 62 रुग्णांइतकी माहिती हाती येते.

मार्गदर्शकांचे म्हणणे चुकीचे नाही, कारण अँकोव्हाला प्रसामान्यता (घंटेच्या आकाराचे वितरण) लागते ती अवशेषांची (प्रत्यक्ष गुण आणि समीकरणाने वर्तवलेले गुण यांतील फरकांची), मूळ गुणांची नव्हे, आणि एवढ्या नमुन्यात ती थोडी ढळली तरी फारसे बिघडत नाही. मात्र 8 वरून 6 आणि 3 वरून 1 ही घट रुग्णाच्या लेखी सारखीच आहे, हे गृहीतक पटत नसेल तर नॉनपॅरामेट्रिक, म्हणजे वितरणाचा विशिष्ट आकार गृहीत न धरणारे, मार्ग आहेत. क्वेड यांनी 1967 मध्ये सुचवलेल्या पद्धतीत सर्व रुग्णांच्या दोन्ही वेळच्या गुणांना क्रमांक देतात, गट न पाहता अखेरच्या क्रमांकांचे सुरुवातीच्या क्रमांकांवर समाश्रयण (रिग्रेशन) करतात आणि उरलेल्या अवशेषांची गटवार तुलना करतात. पद्धत सुटसुटीत आहे, परंतु तिच्यातून केवळ पी-मूल्य मिळते. उपचाराचा परिणाम किती, हे कळत नाही.

म्हणून माझा कल गॅरी कॉक आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये मांडलेल्या पद्धतीकडे आहे. तिच्यात अखेरच्या गुणांतील फरक आणि सुरुवातीच्या गुणांतील फरक एकत्र मांडले जातात, आणि रँडमायझेशनमुळे दुसरा फरक अपेक्षेत शून्यच असतो, एवढ्याच आधारावर भारित न्यूनतम वर्ग पद्धतीने (वेटेड लीस्ट स्क्वेअर्स) पहिला दुरुस्त केला जातो. वितरणाचे किंवा रेषीय संबंधाचे गृहीतक लागत नाही. मान-व्हिटनी संभाव्यतेलाही ती लागू पडते: उपचारगटातील कोणत्याही एका रुग्णाची वेदना दुसऱ्या गटातील कोणत्याही एकापेक्षा कमी असण्याची शक्यता किती (बरोबरी झाल्यास अर्धा गुण), हे विश्वासांतरासह (कॉन्फिडन्स इंटरव्हल) सांगता येते, 0.5 म्हणजे फरक नाही. आर या सांख्यिकीच्या संगणकप्रणालीतील सॅनॉन (sanon) हे पॅकेज हेच गणित करते. मात्र रँडमायझेशन नसलेल्या अभ्यासात ही पद्धत वापरू नये, आणि 40 च्या गटात एक-दोनपेक्षा अधिक कोव्हेरिएट (सुरुवातीच्या वेदनेसारखे, समायोजनात धरलेले घटक) घेऊ नयेत.

कोव्हेरिएट प्रोटोकॉलमध्येच, म्हणजे अभ्यासाच्या आधी लिहिलेल्या आराखड्यातच, लिहायचे असतात. आपल्याकडे सांख्यिकीतज्ज्ञाची आठवण सहसा तहान लागल्यावर विहीर खणावी तशी होते. आपल्या प्रोटोकॉलमध्ये उल्लेख नसेल, तर साधी मान-व्हिटनी मुख्य विश्लेषण म्हणून ठेवावी आणि समायोजित उत्तर, ते नंतर ठरवले असे नमूद करून, पूरक म्हणून द्यावे.