पात हवी की कांदा?

प्रश्न : सांबारात घालतात ते छोटे कांदे जूनमध्ये गच्चीवरच्या टबात लावले. पात इतकी फुटली की दोनदा कापून झुणका केला. ऑगस्टमध्ये उपटून पाहिलं, तर निम्मे कुजलेले आणि बाकीचे करंगळीएवढेही भरलेले नाहीत. कुठे चुकलं?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दोनदा पात कापलीत, तिथेच बरंचसं चुकलं. कांदा भरतो तो पातीच्या जिवावर. पातीने उन्हात तयार केलेलं अन्नच खाली साठतं. पात गेली की कांदा उपाशी. पहिल्या वर्षी मीही हौसेने पात कापत राहिले आणि हाती काहीच लागलं नाही.

कुजण्याचं कारण पाऊस. या कांद्याला ओल चालते, चिखल नाही. दिवाळी झाली की लावा, संक्रांतीच्या सुमारास काढणीला येतो. साधारण 65 ते 75 दिवसांचं पीक आहे. जागा दिवसभर उन्हाची हवी. माती भुसभुशीत, त्यात चांगलं कुजलेलं शेणखत. ताजं शेण अजिबात नको.

लावण्याची रीत मला शेजारच्या कोइमतूरच्या मावशींनी शिकवली. त्यांच्याकडे याला ‘चिन्न वेंगायम’ म्हणतात. मी कांदे पुरते गाडले होते. त्यांनी एकेक वर काढायला लावला. बूड मातीत, मान बाहेर, दोन कांद्यांत चार बोटं अंतर. बाजारातून आणताना कोंब डोकावणारे, घट्ट कांदे निवडा. नुकते काढलेले ताजे कांदे लवकर फुटत नाहीत, त्यांना महिना-दोन महिने विसावा लागतो.

महिनाभराने बुडाशी माती हलकेच बाजूला करून पाहा. लावलेला कांदा आतून दुभंगून त्याचे कांदे होऊ लागलेले असतात. गेल्या वर्षी माझ्या एका गड्ड्यात सात निघाले. एकाच बुडाला चिकटलेले, पाठीला पाठ लावून बसलेले, आणि बाहेर आईच्या सालीचा कागदासारखा पापुद्रा. ते हातात घेतलं की सगळे कष्ट फिटतात.

पातीवर चंदेरी ओरखडे दिसले तर ते फुलकिडे. निंबोळी अर्क आठवड्याने एकदा, संध्याकाळी फवारा. पात पिवळी पडून माना टाकू लागली की पाणी बंद. आठ-दहा दिवसांनी उपटा, पातीसकट सावलीत वाळवा आणि जुडी बांधून हवेशीर जागी टांगा. पुढच्या लावणीसाठी मध्यम कांदे आत्ताच बाजूला काढा, नाहीतर सांबारात संपतात.

एक कळकळीची विनंती : ‘शॅलट’ म्हणून मिळणारं युरोपातलं बी मागवू नका. त्याला भरायला तिकडच्या उन्हाळ्यातला लांबलचक दिवस लागतो. आपल्याकडे हिवाळ्यात नुसती पातच येईल.

आणि झुणक्यासाठी पात हवीच ना? मग आठ-दहा कांदे वेगळ्या कुंडीत दाटीने लावा. ती कुंडी मनसोक्त कापा, टबाला मात्र कात्री लावू नका.